रविवारची भटकंती: फेरी पुन्हा खेळू द्यावी का? नियम ठरवूया

अर्धा_कप (सोमवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी,

तेविसाव्या आठवड्याचा तक्ता अजून लावलेला नाही. सकाळपासून सहा जणांचे व्यनि (खाजगी निरोप) आले, सहाही जणांचं म्हणणं वेगळं. म्हणून हा धागा.

नवीन लोकांसाठी: दर रविवारी रात्री ९ ला मी जिओगेसर या ऑनलाइन खेळाची चॅलेंज लिंक टाकते. पाच ठिकाणं, प्रत्येकी दोन मिनिटं. रस्त्यावरचं चित्र दिसतं, जागच्या जागी मान फिरवायची, पुढेमागे चालायचं नाही, आणि जग धुंडाळून नकाशावर टाचणी लावायची. अगदी जवळ लागली तर ५,०००, म्हणजे पाचांचे मिळून जास्तीत जास्त २५,०००. सोमवारी रात्री ९ नंतर खेळलेलं धरत नाही. जो पहिला, त्याच्याकडे आठवडाभर पाटीलकी, म्हणजे पुढच्या रविवारचा विषय तो ठरवणार. बक्षीस एवढंच. भांडणं मात्र वाटणीच्या जमिनीवरून व्हावीत तशी.

तर झालं असं. काल सुपारीकडे तिसऱ्या ठिकाणी वीज गेली. टाचणी लावलेली नव्हती, वेळ संपली, शून्य. एका खात्यावरून ती लिंक एकदाच खेळता येते, म्हणून वीज आल्यावर तिने मुलाच्या खात्यावरून पाचही ठिकाणं पहिल्यापासून खेळली. २४,३१०, म्हणजे पहिला नंबर. हे तिने स्वतःच ग्रुपवर सांगितलं, कुणी पकडलेलं नाही. दुसऱ्या नंबरवर कोपरखळी, २२,८७५.

प्रश्न असा, की पुन्हा खेळू द्यायचं का? द्यायचं तर केव्हा, किती वेळा, आणि कुठले गुण धरायचे?

माझी एकच अट आहे. कुणाच्या घरची वीज खरंच गेली होती का, हे तपासायला मी बसणार नाही. नियमच असा हवा की ते विचारायची वेळ येऊ नये.

चिंचोका (१०:१९)

भटकंतीला एटीकेटी लागू करा. मी पहिल्या सेमपासूनचे विषय काढतो.

कोपरखळी (१०:३१)

सुपारीताईंबद्दल वैयक्तिक काही नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी लपवलं नाही, याबद्दल आदरच आहे.

पण २४,३१० हे गुण या खेळाचे नाहीतच. पहिली दोन ठिकाणं त्यांनी आधी खेळली होती, त्यांचं उत्तर नकाशावर बघितलं होतं. पहिलं ठिकाण आठवा. काळी जमीन, द्राक्षाचे मांडव, कांद्याची चाळ, लांब कुठेतरी 'कृषी सेवा केंद्र' अशी पाटी. मी जळगाव की नाशिक की सांगली करत पावणेदोन मिनिटं घालवली आणि तासगावला टाचणी मारली. निघालं निफाडच्या बाजूला. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ते ठिकाण ओळखायचं नसतंच, फक्त आठवायचं असतं. शब्दकोडं सोडवून झाल्यावर खोडरबराने पुसून पुन्हा भरलं तर ते सोडवलं म्हणत नाहीत.

आणि मुलाच्या खात्यावरून? याला आपल्याकडे डुआयडी म्हणतात, एकाच माणसाचं दुसरं, खोट्या नावाचं खातं.

सुपारी (१०:४८)

डुआयडी हा शब्द मागे घ्या. मुलगा खराखुरा आहे, नववीत आहे, आणि त्याचं खातं वापरलं म्हणून सध्या माझ्याशी बोलत नाहीये.

बाकी तुमचं पहिल्या दोन ठिकाणांबद्दलचं म्हणणं मान्य. निफाडला पहिल्यांदा मीही चुकले होते, टाचणी येवल्याच्या पलीकडे गेली होती. दुसऱ्यांदा आठ सेकंदांत लावली. लावताना मलाही कसंतरी वाटलं, पण तिथे थांबायची सोय नसते ना. पहिलं खेळल्याशिवाय तिसरं येत नाही.

आणि खरं सांगायचं तर तुम्ही न विचारलेली गोष्टही सांगते. तिसरं ठिकाण मी वीज जायच्या आधी अर्धं मिनिट बघितलं होतं. अरुंद गल्ली, गाड्या डावीकडून, मला वाटलं मलेशिया. मग अंधार. पाऊण तास मेणबत्तीपुढे बसून भाजी निवडत होते आणि डोक्यात तीच गल्ली. तेव्हा आठवलं, विजेच्या खांबाच्या बुंध्याला काळे-पिवळे पट्टे होते आणि एका छोट्या गाडीची नंबरप्लेट पिवळी होती. जपान! वीज आली तेव्हा उत्तर तयारच होतं. म्हणजे तिसरंसुद्धा मी दोन मिनिटांत ओळखलेलं नाही, पाऊण तासात ओळखलं.

चौथं आणि पाचवं मात्र माझं स्वतःचं आहे. त्या दोन्हींचे गुण मी कुणाला देणार नाही.

गुळपोळी (१०:५५)

बाई, एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला पाटीलकी देऊन टाका आणि धागा बंद करा.

नादखुळा_०९ (११:०२)

विषय संपला. भाजी कुठली होती?

सुपारी (११:०३)

मेथी.

पश्चिमवारा (११:२०)

इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. पुन्हा *प्रयत्न* करणं आणि पुन्हा *खेळणं* वेगळं.

कॉलेजात असताना आम्ही प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांना जायचो. आयसीपीसीत तीन जणांचा संघ, पाच तास, संगणक एकच. उत्तर चुकलं तर पुन्हा पाठवायला बंदी नाही, कितीही वेळा पाठवा. पण तो प्रश्न अखेर सुटला तर आधीच्या प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाची २० मिनिटं तुमच्या वेळेत वाढतात. न सुटलेल्या प्रश्नाचा दंड शून्य. इतका साधा नियम, पण त्यामुळे 'प्लीज सर, एक चान्स' असं कुणी म्हणत नाही. चान्स आहेच, फक्त फुकट नाही.

आपणही तसंच करू. दुसऱ्यांदा खेळा, २० टक्के कापा.

कोपरखळी (११:२६)

तिथे चुकल्यावर बरोबर उत्तर दाखवत नाहीत. इथे प्रत्येक ठिकाणानंतर नकाशावर रेघ ओढून दाखवतात, 'तू इथे, ठिकाण तिथे'. माझे दुसऱ्यांदा पूर्ण २५,००० होतील. २० टक्के कापून राहिले २०,०००. अवघड आठवड्यात तेवढ्यावर पाटीलकी मिळते. मी दर रविवारी पहिली फेरी सराव म्हणून खेळेन.

पश्चिमवारा (११:२९)

हं. हे डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

चिंचोका (११:३०)

संकेतस्थळाच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी 'मागे घेतो' म्हणालं. तारीख लिहून ठेवा रे.

मेलबर्नी_मिसळ (मंगळवार, पहाटे ५:१०)

तुमच्या रात्री ९ ला माझ्याकडे सोमवारचे पहाटेचे दीड वाजलेले असतात. म्हणून मी सोमवारी ऑफिसातून आल्यावर खेळते. तोवर ग्रुपवर 'अरे ती पिवळी पाटी!', 'द्राक्षं बघून तोंडाला पाणी सुटलं' असे संदेश पडलेले. काल मी निफाड ४,९०० ला मारलं, त्यात माझी हुशारी किती आणि नादखुळांच्या द्राक्षांची किती?

पुन्हा खेळण्यावर एवढं तावातावाने बोलताय, पण आधी खेळलेल्यांच्या तोंडाला कुलूप नाही, त्याचं काय? माझ्यासाठी तर ती दुसरीच फेरी असते.

नादखुळा_०९ (सकाळी ७:४०)

द्राक्षांबद्दल चुकलं. माफी.

पण ताई, मीही तासगावच मारलं होतं. तुम्हाला फायदा झाला असेल तर तो माझ्या चुकीचा झाला.

लालडबा (८:०५)

सर्वांना सुप्रभात. धागा नंतर सावकाश वाचतो. तूर्त एक सांगतो, निफाडच्या त्या चित्रात उजव्या कडेला अर्धवट दिसणारा मैलाचा दगड होता. माथा हिरवा. म्हणजे राज्य महामार्ग. पिवळा असता तर राष्ट्रीय, केशरी असता तर गावाकडचा रस्ता. सगळे द्राक्षं बघत बसले.

गुळपोळी (८:२२)

काका, ग्रेट! मी मात्र 'ळ'वर जाते. देवनागरी पाटी दिसली की आधी 'ळ' शोधायचा. पाटीवर 'मळा', 'केळी वेफर्स' दिसलं की हिंदी पट्टा बाद. नाहीतर 'किराणा' आहे की 'किराना', ते बघायचं. एका 'णा'ने मला दीड हजार किलोमीटर वाचवलेत.

चिंचोका (८:३०)

आणि केनिया ओळखायचा तर खाली बघायचं, फोटो काढणाऱ्या गाडीचं धुराडं दिसतं. ही अक्कल म्हणायची की कॉपी? (हलके घ्या.)

पश्चिमवारा (८:४१)

स्नॉर्केल म्हणतात त्याला, धुराडं नाही. त्यातून हवा आत जाते. आणि ती कॉपी नाही, अभ्यास आहे. गेल्या वर्षीचे पेपर सोडवून परीक्षेला बसतात तसा. पण कॉपीचा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो, खेळताना दुसऱ्या टॅबमध्ये पाटीवरचं नाव शोधणारे किती जण आहेत?

अर्धा_कप (८:५०)

त्याचा धागा वेगळा. तो ११२ प्रतिसादांवर गेला होता आणि मला कुलूप लावावं लागलं होतं. इथे नको.

रानजाई (९:१५)

माझी लेक तीन वर्षं पिस्तूल नेमबाजी करते, म्हणून तिथला एक नियम सांगते. २५ मीटर पिस्तूलमध्ये मालिका चालू असताना बिघाड झाला, गोळी उडाली नाही, तर पिस्तूल तसंच समोर रोखून ठेवायचं आणि दुसरा हात वर करायचा. उघडायचं नाही, खटपट करायची नाही. पंच येऊन बघतात. बिघाड तुमच्या हलगर्जीपणामुळे नसेल, तर मालिका पुन्हा किंवा पूर्ण करायला मिळते. सेफ्टी काढायला विसरलात, गोळ्याच कमी भरल्या, तर मिळत नाही. स्वतःच पिस्तुलाशी झटत बसलात तरी हक्क जातो.

यातलं 'हात वर'चं तत्त्व मला फार आवडतं. निकाल दिसल्यावर तक्रार चालत नाही, तक्रार त्या क्षणी करायची.

आणि ज्या प्रकारात घड्याळ थांबत नाही तिथे थांबत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, घड्याळ चालूच. ५७५ गुण, बारावी, अंतिम फेरी थोडक्यात हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य घेतलं. आमच्या घरात त्या दिवशी पेढे होते. पण टोकियोची फेरी कुणी पुन्हा खेळू दिली नाही.

चिंचोका (९:१९)

म्हणजे वीज गेल्यावर सुपारीताईंनी एका हातात मेथी रोखून दुसरा हात वर करायला हवा होता.

गुळपोळी (९:२५)

खिक्.

पण मला सांगा, आपण काय ऑलिंपिक खेळतोय का? लहानपणी आमच्या वाड्यात लिंबूटिंबू असायचे. शेजारची चार वर्षांची पोर लपंडावात असायची, सगळीकडे धावायची, पण तिच्यावर राज्य नाही. ती आउट झाली तरी आउट नाही. तिला खेळातून काढलं तर तिची आई सगळ्यांनाच घरी पाठवायची, म्हणून ही तडजोड. तक्त्याच्या खाली एक रेघ मारा, 'लिंबूटिंबू' लिहा, ज्याला पुन्हा खेळायचंय त्याने खुशाल खेळावं. नाव तिथे, गुण तिथे, पाटीलकी नाही.

नादखुळा_०९ (९:३१)

आमच्यात 'टॅम्प्लीज' होतं. अंगठा तोंडाला लावून टॅम्प्लीज म्हटलं की शिवता यायचं नाही. एक दोस्त पकडला जायच्या बरोबर आधी दर वेळी बुटाची लेस बांधायला टॅम्प्लीज घ्यायचा. पायात चप्पल असायची त्याच्या.

त्रिज्या (१०:४०)

चप्पलवाल्या दोस्तावरून लिहिते.

मी महाविद्यालयात गणित शिकवते, कुठलं ते सोडा. अंतर्गत चाचणी चुकली तर फेरचाचणी द्यायची की नाही, यात माझी एकोणीस वर्षं गेली. सुरुवातीला मी पुरावा मागायचे. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, बस बंद पडली तर तिकीट दाखवा. दोन वर्षांत कळलं, की चिठ्ठी आणणारा आजारी असतोच असं नाही आणि आजारी असलेल्याकडे चिठ्ठी असतेच असंही नाही. एका मुलीने चिठ्ठी आणली नाही म्हणून मी तिला शून्य दिलं. नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की त्या दिवशी तिच्या वडिलांना अ‍ॅडमिट केलं होतं. तिला ते वर्गासमोर सांगायचं नव्हतं. तो शून्य अजून माझ्या डोक्यात आहे.

त्यानंतर मी फेरचाचणीच बंद केली. सहा चाचण्या घ्यायच्या, उत्तम चार धरायच्या. का आला नाहीस, हे विचारायचं नाही. ज्याची वीज गेली त्याचीही एक चाचणी गळली, जो झोपला त्याचीही एक गळली. दोघांना सारखं. अन्याय आहे का? थोडा आहे. पण मला न्यायाधीश व्हावं लागत नाही, आणि कुणाला माझ्यासमोर स्वतःचं दुःख सिद्ध करावं लागत नाही.

भटकंतीचं सत्र तेरा आठवड्यांचं असतं ना? उत्तम दहा धरा. तीन आठवडे आपोआप गळतील.

अर्धा_कप (१०:४६)

त्रिज्याताई, हे मला पटतंय. विचारायची वेळच येत नाही.

कोपरखळी (११:०५)

सत्राच्या तक्त्यासाठी उत्तम. पण आठवड्याच्या पाटीलकीचं काय? सुपारीताईंचा या रविवारचा खेळ मोडला तो मोडलाच. तीन आठवड्यांनी त्यांच्या एकूण गुणांतून हा शून्य गळला, तर तेव्हा काय आनंद व्हायचाय.

(हो, मीच हे म्हणतोय. मला हरकत पुन्हा खेळण्याला नाही. तीच ठिकाणं पुन्हा खेळण्याला आहे.)

मेलबर्नी_मिसळ (११:३०)

मैदानी खेळांत मात्र सर्रास पुन्हा संधी देतात. भालाफेकीत अंतिम आठात आलात तर सहा फेका. पॅरिसमध्ये नीरज चोप्राच्या सहापैकी पाच फाउल होत्या, एकच वैध, ८९.४५ मीटर, आणि त्यावर रौप्य. उत्तम एक धरायची. आपणही उत्तम एक धरली तर बिघडलं कुठे?

रानजाई (११:४१)

पहिली फेक टाकल्यावर दुसऱ्या फेकीला मैदान लहान होत नाही. आपल्याकडे होतं. भाल्याचं उत्तर आधी कळत नसतं.

उलट धावण्यात बघा. २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद. २०११ ला डेगूच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्टला बाहेर काढलं. 'लोक तुलाच बघायला आलेत, घे पुन्हा' असं कुणी म्हणालं नाही.

नादखुळा_०९ (११:४४)

गल्लीत असता तर म्हणाला असता, 'ट्रायल होती रे ती.' आणि बॅट त्याची असती तर सगळ्यांनी मानलंही असतं.

लालडबा (दुपारी १:२०)

सर्व प्रतिसाद वाचले. जेवण झालं. आता लिहितो.

चौतीस वर्षं एसटी चालवली. गाडी बंद पडणं आमच्याकडे रोजचं. घाटात रेडिएटर तापला, पट्टा तुटला, टायर गेला. तेव्हा काय करायचं हे ठरलेलं असतं. प्रवासी खाली उतरवायचे, मागून येणाऱ्या गाडीला हात करायचा, त्याच तिकिटावर बसवून द्यायचे. तिकीट पुन्हा काढायला लावत नाहीत.

पण नीट बघा. प्रवासी स्वारगेटहून कोल्हापूरला निघालाय आणि गाडी कराडला बंद पडली, तर त्याला परत स्वारगेटला नेऊन पहिल्यापासून आणत नाहीत. कराडच्या पुढचा प्रवास मागच्या गाडीने. जेवढा झाला तेवढा झाला. सातारा त्याने बघून झालेला आहे.

सुपारीताईंची गाडी तिसऱ्या ठिकाणी बंद पडली. पहिली दोन झाली, ती त्यांच्या पहिल्या खात्यावरच्या गुणांनी धरा. पुढची तीन मागच्या गाडीने. मागची गाडी म्हणजे वेगळी ठिकाणं. संयोजकांनी दर रविवारी एक जादा लिंक बनवून बाजूला ठेवायची. ज्याला लागेल त्याने मागायची. का लागली ते विचारायचं नाही. एसटीत कुणी प्रवाशाला विचारत नाही, गाडी तुझ्यामुळे बंद पडली का म्हणून.

चिंचोका (१:२४)

काकांना जिल्हाधिकारी करा. पाटीलकी लहान पडते.

त्रिज्या (१:३३)

अगदी! मी एकोणीस वर्षं घेतली त्यावर आणि काकांनी एक गाडी बंद पाडली. अनुमोदन.

पश्चिमवारा (२:०२)

नियम आवडला, पण फटी शोधणं हा माझा धंदा आहे, तेव्हा शोधतो.

एक: न विचारता जादा लिंक मिळणार असेल, तर तिसरं ठिकाण अवघड निघालं की मी 'गाडी बंद' म्हणेन. दोन: मागच्या गाडीची ठिकाणं सोपी निघाली तर? मूळ लिंकमध्ये मंगोलियाचं माळरान आणि जादा लिंकमध्ये आयफेल टॉवर.

रानजाई (२:१५)

पहिल्याला हात वरचा नियम लावा. ज्या ठिकाणी गाडी बंद पडली तिथेच सांगायचं. शून्य पडल्यानंतर पाच मिनिटांत ग्रुपवर नुसतं 'हात वर' लिहायचं, कारण नको. टाचणी लावून उत्तर बघितलं असेल तर हात वर करता येणार नाही. म्हणजे अवघड ठिकाणाला पळायचं असेल तर टाचणी न लावता शून्य पत्करावं लागेल.

कोपरखळी (२:२१)

वीज गेल्यावर पाच मिनिटांत ग्रुपवर लिहायचं कशाने?

रानजाई (२:२२)

मोबाइलने! गावात टॉवर असतो.

सुपारी (२:४०)

माझा मोबाइल चार्जिंगला होता आणि ११ टक्क्यांवर होता. पण लिहिता आलं असतं. मेथी राहिली असती थोडी.

कोपरखळी (२:५८)

पश्चिमवारांची पहिली फट अजून पूर्ण बुजलेली नाही. शून्य घेऊन पळायचं ठरवलं तर तो शून्य बदलून मिळतोच ना मागच्या गाडीत. मग तोटा काय?

माझी सूचना: जिथे गाडी बंद पडली त्या ठिकाणचा शून्य तसाच राहणार. तेवढं नशीब. मागची गाडी फक्त त्याच्या *पुढच्या* ठिकाणांना. म्हणजे पळणाऱ्याला ५,००० चा फटका आहे, तेव्हा विनाकारण कुणी पळणार नाही. आणि ज्याची खरंच वीज गेली त्याला उरलेली फेरी शांतपणे खेळता येईल.

गुळपोळी (३:१०)

म्हणजे सुपारीला जास्तीत जास्त २०,०००. वीज गेली त्याची शिक्षा ५,०००? बरं झालं तुम्ही वीज मंडळात नाही.

कोपरखळी (३:१४)

शिक्षा नाही हो. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, एवढंच.

लालडबा (३:३०)

नाही मिळत. बरोबर आहे.

मेलबर्नी_मिसळ (४:०५)

पण मग पुढची ठिकाणं मूळ लिंकवरच का नाही खेळायची? चौथं-पाचवं उघडलेलंच नाही ना तिने. वीज आल्यावर त्याच खात्यावरून पुढे गेली असती तर जादा लिंक लागलीच नसती.

अर्धा_कप (४:२०)

थांबा. हे खरंच आहे.

चौथं ठिकाण 'पुढे' दाबल्याशिवाय सुरू होत नाही, त्याची वेळही तोवर सुरू होत नाही. म्हणजे मागची गाडी ही मुळात आपलीच गाडी आहे, पाऊण तासाने दुरुस्त होऊन आलेली. जादा लिंक लागेल ती फक्त ओळीने दोन-तीन ठिकाणं बुडाली तर. तेवीस आठवड्यांत असं एकदाच झालंय, तेही माझ्याच घरी, पाहुणे आले होते म्हणून.

सुपारी, तुझ्या खात्यावर चौथं आणि पाचवं अजून तसंच उघडायचं बाकी आहे का?

सुपारी (४:३१)

बाकी आहे. पण ती दोन्ही मी मुलाच्या खात्यावरून खेळले, उत्तरं बघितली. आता तिथे खेळले तर कोपरखळी म्हणतात तेच होईल.

एक करा. पहिलं आणि दुसरं माझ्या खात्यावरचं धरा. तिसऱ्याला शून्य. चौथं आणि पाचवं मुलाच्या खात्यावरचं, कारण ते मी तिथे पहिल्यांदाच बघितलं. माझ्या खात्यावर दोन ठिकाणांचे ८,१२०, आणि शेवटच्या दोन्हींचे मिळून ९,४०५. बेरीज करा. पाटीलकी जाऊ दे. सतरा हजारांवर तशीही मिळणार नव्हती. पण ते ९,४०५ तक्त्यात दिसले पाहिजेत.

कोपरखळी (४:३६)

१७,५२५. अनुमोदन, विनाअट.

आणि डुआयडी हा शब्द मागे घेतो.

चिंचोका (४:३७)

एका धाग्यात दोनदा 'मागे घेतो'. सर्व्हर पडणार आज.

अर्धा_कप (रात्री ९:१०)

ठरलेलं लिहिते, चोविसाव्या आठवड्यापासून लागू.

तीच ठिकाणं दुसऱ्यांदा खेळलेली तक्त्यात धरणार नाही, कुठल्याही खात्यावरून. मध्येच खंड पडला तर बुडालेल्या ठिकाणाचा शून्य राहील, पुढची त्याच खात्यावरून सोमवारी रात्री ९ च्या आत खेळायची. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचंही नाही. ओळीने दोन किंवा जास्त ठिकाणं बुडाली तर ग्रुपवर 'हात वर' लिहायचं, जादा लिंक मिळेल, आणि पहिलं बुडालेलं सोडून बाकीचे गुण तिथले धरेन. सत्राचे उत्तम दहा आठवडे धरायचे. मजेसाठी कितीही वेळा खेळणाऱ्यांसाठी तक्त्याखाली लिंबूटिंबूंची रेघ, तिथे डुआयडींनाही प्रवेश. आणि सोमवारी रात्री ९ पर्यंत ग्रुपवर द्राक्षं, पाट्या, खांब, मेथी यातलं काहीही बोलायचं नाही.

पश्चिमवारांची दुसरी फट, सोप्या जादा ठिकाणांची, तशीच आहे. तिला माझ्याकडे उत्तर नाही. जादा लिंकसाठीही तोच नकाशा वापरेन, पुढे नशीब.

या आठवड्याची पाटीलकी कोपरखळींकडे. विषय सांगा.

कोपरखळी (९:१८)

विषय: फक्त घाटरस्ते, जगातले कुठलेही. आणि लालडबा काका सोडून सगळ्यांना दोनऐवजी तीन मिनिटं द्या.

लालडबा (९:२५)

हा अन्याय आहे. धागा काढतो.

गुळपोळी (रविवार, रात्री ९:०४)

लिंक?

नादखुळा_०९ (९:०६)

नऊ वाजून सहा. लिंक?

मेलबर्नी_मिसळ (९:०७)

मी आज मुद्दाम जागी राहिलेय. इथे दीड वाजून गेलाय.

चिंचोका (९:०८)

संयोजकांना हात वर करायला सांगा.